दिव्याचे तेल जपणारी गृहिणी : लक्ष्मीबाई टिळक

मार्गशीर्षाचे दिवस आले की पैनगंगेकाठच्या आमच्या मेहकर नगरीत भाविकांची पावले श्रीशारंगधर बालाजीच्या मंदिराकडे आपोआप वळतात. १८८८ साली भूमीच्या उदरातून ही भव्य कृष्णवर्ण मूर्ती प्रकट झाली. त्या काळी वऱ्हाडावर इंग्रजांचा अंमल होता. मूर्ती सरकारच्या हाती गेली तर ती साता समुद्रांपलीकडे जाईल, हे ओळखून गावच्या जाणत्या मंडळींनी वेळ न दवडता तिची प्रतिष्ठापना केली, अशी हकीकत येथे पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. त्या हकीकतीत भक्ती तर आहेच. परंतु भक्तीच्या जोडीला समयज्ञताही आहे. नुसती भक्ती असती तर मंडळी हात जोडून उभी राहिली असती आणि देव गावातून गेला असता. केव्हा थांबावे, केव्हा विचार करावा आणि केव्हा क्षणाचाही विलंब न लावता उठावे, हे ज्यास कळते त्यासच आपले थोर विवेकी म्हणत आले आहेत.

याच थंडीच्या दिवसांत आपल्या ख्रिस्ती बांधवांचा नाताळ येतो. त्या निमित्ताने आज आम्ही वाचकांपुढे विवेकाचीच एक कथा ठेवीत आहोत. ती आहे महाराष्ट्राच्या घराघरांत ठाऊक असलेल्या लक्ष्मीबाई टिळक यांची. आयुष्याची पहिली सुमारे बत्तीस वर्षे त्या हिंदू घरातील लेक, सून आणि गृहिणी होत्या. पुढील छत्तीस वर्षे त्यांनी ख्रिस्ती संसार केला. दोन्ही ठिकाणी त्यांच्या हातातील दिवा मात्र एकच होता, तो विवेकाचा.

दहा कुमारिकांची कथा

ख्रिस्ती धर्मग्रंथात येशूने सांगितलेली दहा कुमारिकांची एक कथा आहे. वराला सामोरे जाण्यासाठी दहाही जणी दिवे घेऊन निघतात. पाच जणींनी दिव्याबरोबर तेलाची कुपीही घेतलेली असते. उरलेल्या पाच नुसते दिवे घेऊन आलेल्या असतात. वर यावयास उशीर होतो, मध्यरात्र होते आणि ऐन वेळी त्या पाच जणींचे दिवे विझू लागतात. त्या तेल आणण्यास बाजारात धावतात, तोवर वर येऊन जातो आणि दार बंद होते. दहाही जणींच्या मनात प्रीती होती, उत्साह होता. उणीव होती ती केवळ पुढचा विचार करण्याची. समईत रात्रभर पुरेल एवढे तेल घालूनच उठणाऱ्या आपल्या गृहिणींना ही कथा परकी वाटण्याचे कारण नाही.

तेराव्या शतकात इटलीत होऊन गेलेले ख्रिस्ती तत्त्वज्ञ संत थॉमस अक्वायनस यांनी विवेक, न्याय, धैर्य आणि संयम या चार प्रमुख सद्गुणांत विवेकाला अग्रस्थान दिले. अन्य सद्गुणांचे सारथ्य विवेकाने करावयाचे, अशी त्या परंपरेची धारणा आहे. कठोपनिषदात शरीराच्या रथावर बुद्धीला सारथी म्हणून बसविले आहे, हे आमच्या वाचकांना येथे सहज आठवेल. विवेकाची तीन पावलेही त्यांनी सांगितली: आधी नीट विचार करणे, मग योग्य काय ते ठरविणे आणि अखेर ठरविल्याप्रमाणे वागणे. पहिल्या दोन पावलांपाशीच जो थांबतो तो पंडित होईल, विवेकी होणार नाही. ही तीन पावले कोणत्याही शाळेची पायरी न चढलेल्या एका स्त्रीने चुलीपाशी बसून कशी टाकली, हे पाहण्यासारखे आहे.

सोवळ्याचे घर

नाशिकजवळील जलालपूर या गावी १ जून १८६८ रोजी गोखल्यांच्या घरी मनकर्णिकेचा जन्म झाला. तिच्या आईच्या वडिलांना १८५७ च्या धामधुमीत फाशी झाली होती. त्या आघाताने मनकर्णिकेच्या वडिलांच्या मनावर विलक्षण परिणाम झाला आणि ते सोवळ्याच्या इतके आहारी गेले की बाहेरून आलेली जवळजवळ प्रत्येक वस्तू पाण्याने शुद्ध झाल्याविना घरात येत नसे. विटाळाच्या भयाने सारे घर रात्रंदिवस धास्तावलेले असे. घरातील बायकामुलांचे त्यात किती हाल होत, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

अशा घरात वाढलेले मूल एक तर स्वतः तसेच होते, नाही तर वडिलांविषयी कायमची अढी धरून बसते. मनकर्णिकेच्या बाबतीत यांपैकी काहीच घडले नाही. उतारवयात तिने या दिवसांविषयी लिहिले ते हसतहसत, आणि त्या हसण्यात वडिलांविषयी कडवटपणाचा लवलेशही नव्हता. आचार शुद्ध असावा हे खरे. पण ज्या आचाराने घरच्या माणसांचा जीव गुदमरतो, त्यात काही तरी चुकते आहे, ही जाणीव तिच्या मनात त्या कोवळ्या वयात रुजली असली पाहिजे.

कवीचा संसार

अकरा-बारा वर्षांची असताना तिचा विवाह नारायण वामन टिळक यांच्याशी झाला आणि मनकर्णिकेची लक्ष्मी झाली. टिळकांचा जन्म १८६१ सालचा, कोकणातील करजगावचा. कविप्रतिभा, संस्कृताचा गाढ व्यासंग, ओघवती वाणी आणि आभाळाएवढे मन अशा गुणांनी हा पुरुष संपन्न होता. परंतु पैसा त्यांच्या हाती टिकत नसे. मागेल त्यास देऊन टाकावे आणि उद्याची चिंता देवावर सोपवावी, हा त्यांचा खाक्या. मनात आले की ते घरातून निघून जात. कोठे गेले, केव्हा येतील, याचा पत्ता नसे. एका गावी नोकरी धरावी आणि थोड्याच दिवसांत सोडावी, असे चालले होते. माहेरी अतिशुद्धीचे टोक पाहिलेल्या मुलीला सासरी अतिउदारतेचे टोक पाहावयास मिळाले. त्यात सासऱ्यांचा स्वभाव कडक, आणि तान्ही अपत्ये हातची गेल्याचे दुःखही वाट्याला आले.

अक्षरओळख त्यांना टिळकांनी करून दिली. पण संसाराचे शहाणपण कोणी शिकवीत नसते. पतीचे दातृत्व हा त्यांचा मोठेपणा आहे, हे लक्ष्मीबाईंनी ओळखले आणि तो मोठेपणा टिकावा म्हणून मुठीत चार पैसे झाकून ठेवणे हे आपले काम आहे, हेही ओळखले. त्यांचे खटके पुष्कळ उडत. परंतु त्या भांडणातही विनोद असे आणि विनोदाच्या तळाशी माया असे.

पुढे टिळक नागपुरास अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांच्या कामी राहिले. नाशिकहून नागपूरकडे जाणारा लोहमार्ग आमच्याच बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर अंगाने, मलकापूर-शेगावावरून जातो. त्यानंतर राजनांदगाव संस्थानात नोकरी लागली. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावकडे आगगाडीने जात असता डब्यातील एका युरोपीय गृहस्थाने टिळकांना बायबलातील नवा करार भेट दिला. तो ते वाचू लागले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली.

दोन वाटांच्या मध्ये

ही वार्ता कानी आली तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. पदरी तीन-चार वर्षांचा दत्तू. पती हयात आहे आणि संसार नाही. कपाळी कुंकू आहे आणि लोकांच्या नजरेत ना सन्मान ना सहानुभूती. माहेरच्या माणसांनीही थोडे सोसले नाही. त्या काळी अशा घटनेने सारे कुळ समाजाच्या तोंडी जाई. आजही एखाद्या घरात असे घडले तर आईबापांच्या काळजाला काय वाटेल, हे आमच्या वाचकांस वेगळे सांगावयास नको. ते दुःख खरे होते आणि त्याला कोणी कमी लेखू नये.

अशा प्रसंगी दोन वाटा सोप्या असतात. पती गेला तिकडे डोळे मिटून जावे, ही एक. पती मेला असे समजून मनाचे दार कायमचे लावून घ्यावे, ही दुसरी. दोन्हींकडे ढकलणारे लोक आजूबाजूस होतेच. लक्ष्मीबाईंनी यांपैकी एकही वाट तत्काळ धरली नाही. बहीण भिकूताई आणि त्यांचे यजमान नानासाहेब पेंडसे यांच्या आधाराने त्या पंढरपुरास राहिल्या. विठुरायाच्या नगरीत, टाळमृदंगाच्या नादात त्यांनी ती वर्षे काढली. पतीशी पत्रव्यवहार चालू ठेवला. त्या पत्रांत राग होता, रुसवा होता, पण तुटलेपण नव्हते. त्याच वियोगात त्यांच्या तोंडून कविता उमटू लागली.

धीर धरणे म्हणजे काही न करणे नव्हे, हे या काळातून शिकण्यासारखे आहे. शोकाच्या भरात घेतलेला निर्णय हा शोकाचा निर्णय असतो, आपला नसतो. मन निवळेपर्यंत त्यांनी स्वतःस अवधी दिला आणि दोन्हीकडच्या माणसांशी नाते राखले. विवेकाचे पहिले पाऊल ते हेच.

एका घरात दोन आचार

काही वर्षांनी त्या पुन्हा पतीसह राहू लागल्या, त्या आपला धर्म आणि आपला आचार सोडून नव्हे. अहमदनगरला, आजच्या अहिल्यानगरला, टिळकांचे वास्तव्य होते. तेथे लक्ष्मीबाईंची चूल वेगळी, पाणी वेगळे, सोवळे वेगळे. आणि टिळकांनीही त्यांना त्यांच्या पद्धतीने राहू दिले, सक्ती केली नाही, ही गोष्ट त्यांच्या बाजूने नमूद केली पाहिजे. श्रद्धा ही ओढून नेण्याची वस्तू नव्हे, हे दोघांनाही उमगले होते.

आता विचार दुसऱ्या पावलाशी आला. सभोवती नाना जातींतून आलेले ख्रिस्ती लोक वावरत. त्यांच्या हातचे पाणी चालत नाही. का चालत नाही? वडिलांच्या घरचे ते अखंड धुणेपुसणे डोळ्यांपुढे असणारच. हा भेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न लक्ष्मीबाईंनी पोथी उघडून सोडविला नाही, कोणा उपदेशकाला विचारून सोडविला नाही. आपल्या मनाशी बसून सोडविला. जातिभेद हे देवाचे नव्हे, माणसाचे काम आहे, असा त्यांचा निश्चय झाला. आणि एकदा निश्चय झाल्यावर मग चालढकल नाही. त्यांनी कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास प्रारंभ केला. पंढरीच्या वाळवंटात सर्व जातींच्या संतांनी जे सांगितले, त्याच ठिकाणी त्या आपल्या वाटेने येऊन पोहोचल्या, असे म्हणावयास हरकत नाही.

येथे एक बारकावा लक्षात घेण्यासारखा आहे. जातीचे बंधन गळून पडले म्हणून त्या लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. ते पाऊल निराळे आणि हे पाऊल निराळे, हे तारतम्य त्यांच्यापाशी होते. बाप्तिस्मा त्यांनी १९०० साली घेतला, म्हणजे टिळकांनंतर पाच वर्षांनी. आमच्या पुष्कळ वाचकांना हा शेवटचा निर्णय रुचणार नाही, हे आम्ही जाणतो. परंतु एखाद्याच्या निर्णयाशी सहमत होणे निराळे आणि त्याने निर्णय कसा घेतला हे पाहून शिकणे निराळे. भीतीने नाही, लोभाने नाही, पतीच्या आज्ञेने नाही आणि घाईने तर नाहीच, अशा रीतीने आपल्या घरातील किती निर्णय होतात, हे प्रत्येकाने स्वतःस विचारावे.

किती द्यावे, किती राखावे

दीक्षा घेतली म्हणून संसारातील प्रश्न सुटत नाहीत. उलट नवे उभे राहतात. शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती करावी, ही येशूची शिकवण टिळकांनी अक्षरशः अंगीकारली. त्यांच्या घरात सदैव परकी मुले, विद्यार्थी, निराश्रित, पाहुणे. बालकवी ठोंबरे यांच्यासारखा निसर्गवेडा कवी याच घरात राहिला आणि त्यास लक्ष्मीबाईंची आईची माया लाभली. १९१८ साली रेल्वे अपघातात बालकवींचा अकाली अंत झाला, तेव्हा या घराने आपलाच मुलगा गमावला. प्लेगच्या साथीत आजाऱ्यांच्या उशाशी बसण्याची वेळ आली, तेव्हा लक्ष्मीबाई मागे सरल्या नाहीत.

पण ताटावर बसणाऱ्यांची संख्या वाढली म्हणून पगार वाढत नाही. आलेल्याला विन्मुख पाठवावे तर धर्म बुडतो. सगळेच देऊन टाकावे तर लेकरे उपाशी राहतात. या पेचात रोजचा विवेक लागतो, आणि तो ग्रंथात सापडत नाही. दहा कुमारिकांच्या कथेत एक गोष्ट पुष्कळांना खटकते. शहाण्या कुमारिकांनी आपले तेल इतरांना दिले नाही, ही कोठली दया? तिचे उत्तर लक्ष्मीबाईंच्या संसारात मिळते असे आम्हांस वाटते. दोघींचेही दिवे विझतील असे दान हे दान नव्हे. ज्या घरात दिवा तेवत राहतो, तेच घर अंधारात चुकलेल्याला वाट दाखवू शकते. टिळकांचे दातृत्व वर्षानुवर्षे चालले, ते त्या घरात कुपी सांभाळणारे कोणी तरी होते म्हणून.

या घराने आणखी एक शहाणपण दाखविले. धर्म बदलला म्हणून भाषा, ओवी, अभंग, भजन यांचा त्याग करावा लागतो, असे टिळकांनी मानले नाही. त्यांनी ख्रिस्ती उपासनेसाठी मराठी भजने रचली, आणि ती महाराष्ट्रातील देवळांत, म्हणजे ख्रिस्ती लोक ज्यास देऊळ म्हणतात त्या उपासनागृहांत, आजही गायली जातात. उपासना बदलली, पण ज्ञानोबा-तुकोबांची भाषा त्या घरातून गेली नाही.

उशिराचे तेल

१९१७ साली टिळकांनी मिशनचे वेतन सोडले आणि साताऱ्यास देवाचा दरबार ही आपली नवी कल्पना मांडून संन्यस्त वृत्तीने राहू लागले. बांधलेले उत्पन्न गेले. घरखर्चाचा भार पुन्हा लक्ष्मीबाईंच्या खांद्यावर आला. ९ मे १९१९ रोजी मुंबईस टिळकांचे देहावसान झाले. पन्नाशी ओलांडलेली विधवा, शाळेचे शिक्षण नाही, गाठी पैसा नाही. पुष्कळ दिवे अशा मध्यरात्री विझतात. लक्ष्मीबाईंनी मुलींच्या वसतिगृहात देखरेखीचे काम पत्करले. पुढे मुलगा देवदत्त याच्यासमवेत काही काळ कराचीसही राहिल्या. रडत बसण्यापेक्षा हाती येईल ते प्रामाणिक काम करावे, हा त्यांचा साधा नियम होता.

आणि याच काळात त्यांनी दोन मोठी कामे उभी केली. येशूच्या जीवनावर ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध महाकाव्य टिळकांनी आरंभिले होते. दहा-अकरा अध्याय होताच ते थांबले. लक्ष्मीबाईंनी पतीचे हे अपुरे व्रत आपल्या शिरावर घेतले आणि पुढे साठाहून अधिक अध्याय रचले. ज्या पतीने बोट धरून अक्षरे शिकविली, त्याचा ग्रंथ पत्नीने पुढे न्यावा, याहून मोठी गुरुदक्षिणा कोणती?

दुसरे काम म्हणजे ‘स्मृतिचित्रे’. हे आत्मचरित्र १९३४ ते १९३७ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाले. अवघड शब्द नाही, पांडित्य नाही, कोणावर दोषारोप नाही. बोलावे तसे लिहिलेले हे पुस्तक मराठी भाषेचे लेणे ठरले. त्यात सोवळ्यात गुरफटलेले वडील आहेत, कडक सासरे आहेत, छळ करणारी माणसे आहेत, स्वतःच्या फजित्याही आहेत. आणि सर्वांकडे लेखिकेने समजुतीने पाहिले आहे. ज्या नातलगांचे त्यांच्या धर्मांतराने मन दुखावले, त्यांच्याविषयीही त्यात कृतज्ञताच आढळते. शेवटचा भाग छापून आला तेव्हा लेखिका हयात नव्हत्या. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली होती.

आपल्या घरी

समर्थ रामदासांनी प्रपंच आणि परमार्थ ही दोन्ही चाके विवेकाने चालवावीत असे शिकविले. लक्ष्मीबाईंच्या चरित्रात आम्हांस त्याच शिकवणीचे दर्शन घडते, मग देव्हारा वेगळा का असेना. वादळ आले असता तत्काळ निर्णय न घेता मन निवळू देणे; रूढी कोणती आणि देवाची आज्ञा कोणती हे निवडून पाहणे; एकदा पटले की मागे न पाहणे; मतभेद झाला तरी पत्राचा धागा न तोडणे; आणि उदार हाताला जपून ठेवणारा दुसरा हात देणे, या गोष्टी कोणत्याही धर्माच्या घरात उपयोगी पडतील अशा आहेत.

आज आपल्या घराघरांतून मुले निराळा विचार करू लागली आहेत, शिक्षणासाठी, नोकरीसाठी दूर जात आहेत, कधी जातीबाहेर, कधी प्रांताबाहेर लग्न करीत आहेत. अशा वेळी घरात पहिला शब्द रागाचा निघतो आणि दार बंद होते. ते दार उघडण्यास मग कधी आयुष्य अपुरे पडते. भिकूताई आणि नानासाहेबांनी ते दार बंद केले नाही. पंढरपुरात राहणाऱ्या लक्ष्मीबाईंनीही पतीसाठी ते बंद केले नाही. म्हणूनच मोडू पाहणारे एक घर सावरले, एका मुलास आईबाप दोन्ही मिळाले आणि मराठीला एक अमोल ग्रंथ लाभला.

मार्गशीर्षातील गुरुवारी आमच्या मायभगिनी घरोघरी घट मांडून महालक्ष्मीची पूजा करतात आणि दिवा लावतात. थोड्याच दिवसांच्या अंतराने ख्रिस्ती घरांच्या दारी नाताळचा तारा उजळतो. दोन्ही दिव्यांना तेल लागते आणि ते आधीच भरून ठेवावे लागते. राग शमविण्याचे, दुसऱ्याचे ऐकून घेण्याचे, विचार करून बोलण्याचे हे तेल संकटाच्या रात्री कोणाकडून उसने मिळत नाही. सणासुदीच्या या निवांत दिवसांत ते आपापल्या कुपीत भरून ठेवावे, एवढीच आमची वाचकांस विनंती.